आज्जाच्या ट्रंकेतला हत्तीचा दात

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडक्यात): मी लग्न होऊन बेळगावात आहे, माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. वडील मागच्या वर्षी वारले. माळ्यावरची ट्रंक उघडली तर धोतरात गुंडाळलेला हातभर लांब हत्तीचा दात निघाला. आज्जा पूर्वी दांडेलीकडे लाकडाच्या कंत्राटदाराकडे कामाला होते, तिकडूनच आणला असणार असं आई म्हणते. कागद कसलाच नाही. दादाचा टेम्पो आहे, त्याचे हप्ते थकलेत, वर पुतणीची कॉलेजची फी. त्याने कुणाला तरी दाताचा व्हिडिओ पाठवला आणि आता कोल्हापूरची एक पार्टी चाळीस लाख देते म्हणतेय. वीस हजार ॲडव्हान्स फोनपेवर आलेसुद्धा. दादा म्हणतो आपण काय हत्ती मारला नाही, आज्जाची वस्तू आहे, आणि एकदा महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की इथल्या फॉरेस्टवाल्यांचा संबंध काय. मी नको म्हटलं तर वहिनी म्हणाली, तुम्हाला वाटा पाहिजे असेल तर सरळ सांगा. आई म्हणते भांडू नका, मलप्रभेत सोडून द्या. मी रोज रात्री फॉरेस्टचा नंबर मोबाईलवर काढते आणि परत ठेवते. सख्ख्या भावाला पकडून देऊ की गप्प बसू?

ताई,

तुम्ही स्वतःपुढे दोनच गोष्टी ठेवल्यात, एक तर भावाला पकडून द्यायचं नाहीतर तोंड मिटून बसायचं, आणि त्या दोन्हीच्या मधे रोज झोप घालवताय. पण पत्र परत वाचून बघा, सौदा अजून झालेला नाही. दात घरात आहे, दादा घरात आहे, टेम्पो दारात उभा आहे. पकडून देणं वगैरे सौदा निघाल्यावरची भाषा झाली, आत्ता जे करायचंय ते त्याला वाचवायचंच काम आहे. त्याला ते तसं वाटणार नाही, पहिल्यांदा तो चिडणारच, ते धरूनच चला.

आता दादाचे मुद्दे एकेक घेते, कारण तुम्हीही त्यातले निम्मे मनातून मान्य केलेत असं मला वाचताना जाणवलं.

आज्जाची वस्तू म्हणजे आपली वस्तू, हे शेताला, भांड्याला, सोन्याला चालतं. हत्तीच्या दाताला चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि हत्ती १९७७ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. ज्यांच्या घरी जुनं काही आहे त्यांनी ते सरकारला कळवायचं आणि मालकीचा दाखला घ्यायचा अशी सोय होती, आणि ज्यांनी तेव्हा कळवलं नाही त्यांच्यासाठी २००३ साली केंद्राने परत १८० दिवसांची मुदत दिली होती. ती कधीच संपली. दाखला नसलेला दात कुणाच्याही माळ्यावर असो, कायद्याच्या हिशेबाने तो बेकायदा ताबाच. म्हणून पहिलं काम, आज्जांचे सगळे कागद नीट बघा, सातबाऱ्याच्या उताऱ्याच्या गठ्ठ्यात, पोथीत, बँकेच्या जुन्या पिशवीत, कुठेतरी फॉरेस्टचा एखादा दाखला निघतो का. निघाला तर तुमची अडचण बरीच हलकी होईल, पण हेही सांगते की दाखला निघाला तरी विकता येत नाही. दाखला म्हणजे ठेवायची परवानगी, विकायची नव्हे. देशातल्या हत्तींच्या दातांचा व्यापार १९८६ ला बंद झाला, मग लोक आफ्रिकेचा माल आहे म्हणून सांगायला लागले तेव्हा १९९१ ला तोही बंद झाला. म्हणजे चाळीस लाखांची पार्टी ज्या बाजाराबद्दल बोलतेय तो बाजार कायद्यात पस्तीस-चाळीस वर्षं अस्तित्वातच नाही.

आपण हत्ती मारला नाही, हे मला पटतं. आज्जांनीही मारला नसेल, मेलेल्या हत्तीचा असेल, कंत्राटदाराने दिला असेल, आता ते सांगायला कुणी राहिलेलं नाही. पण कायदा तो प्रश्नच विचारत नाही आणि का विचारत नाही हे दादाला समजावून सांगायला पाहिजे. जुना दात आणि मागच्या महिन्यात कापलेला दात शेजारी ठेवले तर बघून काही कळत नाही, जुन्याला सूट दिली की प्रत्येक नवा दात जुना होतो, प्रत्येकाला एक आज्जा मिळतो. शिवाय आपल्याकडच्या हत्तींत फक्त नराला असे मोठे दात येतात, त्यामुळे शिकारी नरच टिपतात आणि कळपात माद्याच उरतात, दक्षिणेतल्या काही जंगलांत हे होऊन गेलंय. आज कर्नाटकात देशात सगळ्यात जास्त हत्ती आहेत, २०२५ मध्ये डीएनएवरून केलेल्या मोजणीत ६,०१३ आले, देशात सगळे मिळून २२,४४६. आपल्या खानापूरच्या रानात येतात ते दांडेली-हल्याळकडून, यातलेच काही २००२ च्या सुमाराला खाली दोडामार्गात उतरले आणि मग चंदगड-आजऱ्यापर्यंत त्यांचा वावर सुरू झाला. हां, आणि मला माहीत आहे की खानापूरच्या माणसाला हत्तीबद्दल प्रेमाने सांगायला गेलं की तो आधी तुडवलेलं भात दाखवतो, दाखवू दे, बरोबरच आहे त्याचं. भाताची भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. पण तो हिशेब दाताने फिटत नाही.

नाक्यापलीकडचं तर सोडूनच द्या. आपल्याकडे एक खोड आहे, सीमेवर राहून राहून आपल्याला वाटतं की पलीकडे गेलं की सगळंच बदलतं, पेट्रोलचा भाव बदलतो, दारूचा बदलतो, बसची पाटी बदलते, तसा कायदाही बदलत असेल. हा केंद्राचा कायदा आहे, निपाणीत जो तोच कागलात, बेळगावात जो तोच चंदगडला. आणि राज्याराज्यांत माहिती फिरावी म्हणूनच दिल्लीचं वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो २००७ पासून काम करतंय, त्यांचं पश्चिमेचं ऑफिस मुंबईला आणि दक्षिणेचं चेन्नईला. नाका ओलांडून दादा एका राज्याच्या फॉरेस्टमधून सुटत नाही, दोन राज्यांच्या नजरेत येतो, आणि घरात असलेला दात गाडीत घातला की ताब्याबरोबर वाहतूकही लागते. वरून टेम्पो. या गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते, आणि कोर्टातून ती सोडवेपर्यंत फायनान्सवाले काय हप्ते थांबवणार आहेत का? ज्या हप्त्यांसाठी हे चाललंय तोच टेम्पो फॉरेस्टच्या आवारात पावसात उभा राहील. दादाशी बोलताना शिक्षेच्या आधी हेच बोला, हे त्याला लगेच कळेल.

शिक्षा पण सांगते, कारण घाबरवायचं नसलं तरी लपवण्यात अर्थ नाही. गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. किमान म्हणजे किमान, कोर्टाला दया आली तरी त्याच्या खाली जाता येत नाही. आणि माल ताब्यात सापडला की तो कायदेशीर आहे हे आपणच दाखवायचं असतं.

आता ही पार्टी. ताई, तुम्ही पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटते. व्हिडिओ पाठवल्यावर लगेच चाळीस लाख बोलणारा माणूस तीनपैकी एक असतो. एक, चक्क फसवणारा, जो आधी वीस हजार टाकून विश्वास बसवतो आणि मग टेस्टिंगचे, लायसनचे, अमक्या साहेबाचे म्हणून तुमच्याकडूनच लाख-दीड लाख काढतो, किंवा आडवाटेला बोलावून माल हिसकावून घेतो, आणि तुम्ही तक्रार कुठे करणार, काय सांगणार? मांडुळाच्या धंद्यात हे सर्रास चालतं, दुतोंड्या सापाने गुप्तधन सापडतं म्हणून कोटीच्या गोष्टी, आणि शेवटी पेपरात फोटो. दोन, खरा तस्कर, जो आज दात घेईल आणि उद्या तुझ्या टेम्पोतून अजून एक पिशवी पोचव म्हणेल, आणि तेव्हा नाही म्हणायची सोय राहणार नाही. तीन, फॉरेस्टचं किंवा पोलिसांचं डमी गिऱ्हाईक. हस्तिदंत, बिबट्याचं कातडं, खवल्या मांजराचे खवले, यातल्या कितीतरी केस अशाच पकडल्या जातात, बोलणी करायला आलेला माणूस खात्याचाच असतो. तिघांतला कुठलाही असला तरी दादाच्या हातात चाळीस लाख पडत नाहीत. आणि व्हिडिओ एकदा गेला की तो किती ग्रुपवर फिरतोय हे दादाला कळणार नाही, म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी ही गोष्ट काय गप्प राहणार नाहीये.

ऑक्टोबर २०२३ आठवा. कन्नड बिग बॉसच्या घरातून एका स्पर्धकाला फॉरेस्टवाल्यांनी उचललं, गळ्यात वाघनखाचं लॉकेट टीव्हीवर दिसलं म्हणून. मग बऱ्याच नावाजलेल्या लोकांच्या घरी तपासणी झाली आणि गावोगावी लोकांनी आपल्या पोरांच्या गळ्यातली लॉकेटं काढून ठेवली. त्यानंतर २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने अशा वस्तू आणून द्यायला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा तुमची ट्रंक बंद होती, काय करणार.

आईंचा मलप्रभेचा तोडगा. त्यांच्या मनात पाप नाही, देवाची जुनी तसबीर सोडतो तसं सोडून द्यावं एवढंच त्यांना वाटतंय. पण दात पाण्यात कुजत नाही, उन्हाळ्यात नदी आटली की गाळात सापडेल, आणि मुख्य म्हणजे व्हिडिओ आणि फोनपेची एंट्री नदीत जात नाही. उद्या चौकशी आली तर दात कुठे गेला याचं उत्तर नसणं हे दात असण्यापेक्षा वाईट, कारण पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक लागतं आणि ते आईंवरही येऊ शकतं. तेच जाळण्याचं आणि शेतात पुरण्याचं.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे वकील, आणि फॉरेस्टला फोन करायच्या आधी वकील. असं का सांगते, तर नुसतं स्वतःहून दिलं म्हणून गुन्हा आपोआप माफ होतो असं कायद्यात लिहिलेलं नाही, दाखला असलेल्यांना वस्तू परत करायची सोय २०२२ च्या दुरुस्तीत आली पण तुमच्याकडे दाखलाच नाही. त्यामुळे कागद कसा लिहायचा, कुणाच्या नावाने द्यायचा, आधी अटकपूर्व जामिनासाठी बेळगावच्या सेशन कोर्टात जायचं का, नाही मिळाला तर धारवाडला हायकोर्टाच्या बेंचपुढे, राज्य सरकारची परत एखादी मुदत या घडीला चालू आहे का, हे सगळं क्रिमिनल बघणाऱ्या वकिलाने ठरवायचं, जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या ओळखीच्या वकिलाने नव्हे. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा कायदा सेवा प्राधिकारात बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, त्यांचा फोन १५१००. तुम्ही आणि आई, दोघीही त्यात बसता.

वकील काय म्हणतो त्याप्रमाणे साधारण मार्ग असा, की वडील वारल्यावर ट्रंकेत ही वस्तू सापडली, केव्हा सापडली, आमच्याकडे कागद नाहीत, आम्हाला ती ठेवायची नाही, ताब्यात घ्यावी, असा लेखी अर्ज डीसीएफ म्हणजे उपवनसंरक्षकांच्या ऑफिसला किंवा खानापूरच्या आरएफओला, म्हणजे वनक्षेत्रपालांना, द्यायचा आणि पोच घ्यायची. अशी वस्तू हाती आली की ४८ तासांत कळवायचं असं कायदा म्हणतो, ते तास तर कधीच गेले, म्हणून आता आठवडे घालवू नका. अर्जात खोटं काही लिहू नका, कालच सापडला वगैरे, व्हिडिओवर तारीख असते. ॲडव्हान्सचं काय सांगायचं, तो परत कसा करायचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत पूर्ण सांगा, लाजून अर्धवट सांगू नका. मेसेज डिलीट करायचे नाहीत. पार्टीशी यापुढे बोलणं नाही, आणि धमकी आली तर ११२.

दात मात्र तुम्ही पिशवीत घालून बसमधून ऑफिसला न्यायचा नाही, स्कूटरवरून तर नाहीच. आहे तिथे राहू दे, त्यांना येऊन नेऊ दे. ते येतील तेव्हा महजर करतील, म्हणजे पंचनामा, आणि तो कन्नडमधे असेल. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोलता येतं, वाचता येत नाही, आणि तिथे आपण लाजेने सही करून मोकळे होतो. तसं करू नका. वकील किंवा वाचणारं कुणीतरी शेजारी असू दे, शब्दनशब्द वाचून घ्या, लांबी, वजन, रंग, कुठे सापडला हे बरोबर लिहिलंय का बघा, आणि कॉपी मागा. अर्जही कोर्ट कंपाउंडातल्या टायपिंगवाल्याकडून कन्नडमधे करून घेतलात तर टेबलावर पडून राहत नाही. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण या कामात नको.

हेही होऊ शकतं की दात खोटाच निघेल. खऱ्या दाताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडात किंवा प्लास्टिकमधे ती नसते, पण तुम्ही घरी करवत घेऊन बसू नका. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत त्याची तपासणी होते, ते खात्याचं काम.

आता दादा. त्याच्याशी फोनवर बोलू नका आणि वहिनींना वगळून तर अजिबात नको. वाट्याचं त्या बोलल्या ते झोंबलं तुम्हाला, झोंबणारच, पण घरात पैशाची ओढाताण कोण सोसतंय बघा, फी भरायची तारीख त्यांच्या डोक्यात आहे, तुमच्या नाही. तुम्ही नको म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं की माझ्या पोरीची फी नको. म्हणून जाताना फीचं काहीतरी घेऊन जा. शैक्षणिक कर्जाची बँकेत चौकशी करून, टेम्पोच्या फायनान्सवाल्यांकडून हप्ते वाढवून मुदत मिळते का विचारून, आणि तुमची ऐपत असेल तर थोडी स्वतःची मदत सांगून. चाळीस लाखांच्या पुढे हे किरकोळ वाटेल, पण ते चाळीस लाख नाहीतच. आणि वाट्याचा विषय पहिल्या वाक्यात संपवा, मला एक रुपया नको, अर्जावर सही मात्र मी पण करते. वकिलाने हो म्हटलं तर खरंच करा, एकट्या दादाच्या नावाने कागद गेला तर त्याला वाटेल बहिणीने पुढे केलं.

याच विषयावर आलेली बाकीची पत्रं छोटी आहेत, त्यांना इथेच सांगते. बाळाच्या गळ्यातलं वाघनख बहुतेक वेळा शिंगाचं नाहीतर प्लास्टिकचं असतं, पण खरं निघालं तर वरचं सगळं लागू. साबरशिंग उगाळून लावायला ठेवलेलं असतं, रानात गळून पडलेलं उचललं म्हणून चालतं असा समज आहे, चालत नाही, शिंगही कायद्यात धरलंय. मोराची गळलेली पिसं घरात असली तर घाबरू नका, त्याला सूट आहे, परदेशी पाठवायची नाहीत. चांदणीचं कासव पाळायला म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका, २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. आणि निपाणीहून लिहिणारे एक काका, जुन्या वाड्यातल्या भिंतीवरचं हरणाचं डोकं दाखल्यासकट आहे असं तुम्ही म्हणता, तर दाखल्यावर नाव कुणाचं आहे ते बघा, वारसाने ९० दिवसांत कळवायचं असतं.

ताई, दादा ऐकलाच नाही तर? तुम्ही तेही विचारायला हवं होतं, मनात असणारच. तर मग वकिलाकडे तुम्ही आणि आई दोघी जा, दात ज्या घरात आहे ते घर आईंचंही आहे, अर्ज त्यांच्या सहीने जाऊ शकतो का विचारा, आणि दादाला आधी सांगून जा की अमुक दिवशी आम्ही जाणार आहोत. त्याला चोरून करू नका. सांगितल्यावर तो दात हलवेल ही भीती आहे, खरी आहे, म्हणून सांगणं आणि वकिलाकडे जाणं यात एक रात्रीपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, आणि आईंना त्या दिवसांत तिथेच राहू दे. सौद्याची तारीख जवळ असेल तर तेवढाही वेळ नाही, मग उद्या सकाळी १५१०० लावा आणि दुपारी माहेरी जा.